कानबाईसाठी सोडलेल्या गोळ्या

पिंप्राळा, जळगाव
१४ जुलै १९९८

प्रिय कमल,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. चार पानांतली तीन पानं तू श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या तयारीनं भरलीस. गहू कधी धुवायचा, रोटाचं दळण कुणी दळायचं, पाट डोक्यावर घेताना हिरवी साडी नेसू की चिंतामणी रंगाची नेसू. आणि शेवटी, सही करायच्या आधी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारख्या दोन ओळी. गोळ्या सोडल्यापासून अंगाला कसं हलकं वाटतं, पाठ तेवढी मधूनमधून धरते, पण ते कामानं असेल. अगं बाई, त्या दोन ओळी मी पाच वेळा वाचल्या. साडीचं मला काही सुचलं नाही, कुठली नेसायची ती नेस. पण कमे, तुझी पाठ कामानं धरत नाहीये. हे पत्र मी त्या पाठीसाठी लिहितेय. तेव्हा स्वयंपाक उरकून, दार लोटून, एकटी बसून वाच. वनाभाऊजी नवरा आहेत तुझे, त्यांना मागाहून दाखव, नाही दाखवलंस तरी माझं काही म्हणणं नाही.

मी कशी आहे म्हणून विचारलंस. बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, पण पद्धती पाळून पाळून माझं काय झालं ते तू बघून गेलीसच. खुबा मोडला त्याला आता पाच महिने झाले. येणारे-जाणारे विचारतात, कुठं पडलात काकू? मी सांगते, नळावर. खरं सांगायला लाज वाटते. अगं, मी पडले नव्हते. स्टुलावर बसून मेथी निवडत होते, कुकरची शिट्टी झाली म्हणून उठायला गेले, पाय जरासा वळला आणि आतून काडकन आवाज आला. मग खाली गेले. म्हणजे आधी मोडलं आणि मग पडले. आता आत सळई आहे आणि बाहेर तो चार पायांचा वॉकर. तो ढकलत ढकलत मी संडासापर्यंत जाते आणि परत येते, एवढाच माझा प्रवास. आंघोळ घालायला भागाबाई येते. ती मला कढई घासावी तशी घासते, पण तक्रार करायची सोय नाही, तिनं यायचं बंद केलं तर मी पारोशी राहीन. यांना बासष्टाव्या वर्षी चहा करता यायला लागला. त्यात साखर इतकी घालतात की चमचा उभा राहावा. मी मुकाट्यानं पिते आणि छान झालाय म्हणते. अठ्ठावन्न हे काही वय नाही गं. समोरच्या प्रमिलाबाई साठीच्या आहेत, सकाळी फाटकापर्यंत तुरुतुरु चालत जाऊन येतात. मी खिडकीतून बघते आणि मला त्यांचा राग येतो. त्यांनी माझं काय वाकडं केलंय? काही नाही. तरी येतो.

आई आठवते ना तुला? शेवटची पाच-सहा वर्षं तिनं कुणाचं तोंड धड पाहिलं नाही. कमरेतून अशी वाकली होती की बोलणाऱ्याच्या पायांकडे बघून बोलायची. आपण आलो की आधी चपला ओळखायची आणि मग नावानं हाक मारायची. सगळे म्हणायचे, कष्टानं वाकली. आपणही तेच म्हणायचो, आणि त्यात आपल्याला अभिमानसुद्धा वाटायचा, आमच्या आईनं किती कष्ट उपसले बघा म्हणून. तिच्याएवढेच कष्ट आपल्या सासूबाईंनी, जिजींनी उपसले. जिजींची पाठ ऐंशीव्या वर्षी अजून सरळ आहे आणि त्या कुणालाही डोळ्यांत डोळे घालून बोलतात, ते तर तुला माझ्याइतकंच माहीत आहे. तेव्हा कष्टाचं काही खरं नाही. तुला-मला नाक बाबांचं मिळालं आणि हाडं आईची मिळाली. वर दोघींना एकाच घरात दिलं, सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झालो, तेव्हा बाबांना वाटलं, पोरी एकमेकींना सांभाळतील. सांभाळलं आपण!

माझी पाळी बेचाळिसाव्या वर्षीच गेली. मी तर पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. एकोणनव्वद साली नळावर पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि मान हलवली. म्हणाले, बाई, वयाच्या मानानं हाडं फार विरळ झालीत, आणि मला इथल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी समजावलं की पाळी लवकर गेली की बाईच्या अंगातलं एक रसायन आटतं, आणि ते आटलं की हाडं झिजायला लागतात. त्याच्या गोळ्या दिल्या, पुढे तुला धुळ्यात मिळाल्या त्याच. तीन आठवडे रोज एक, त्यातले शेवटचे दहा दिवस जोडीला आणखी एक, मग आठवडाभर बंद. आणि त्या बंद आठवड्यात, अगदी पोरीबाळींसारखं, पुन्हा ते यायचं. हे मात्र त्यांनी इतकं सहज सांगितलं जशी काही साय येणार आहे दुधावर! पन्नाशीला टेकलेली बाई मी, नातवंडं बघायचं वय, आणि पुन्हा दर महिन्याला कापडं लपवायची, दोरीवर परकराखाली वाळत घालायची. यांना सांगितलं तर पेपर खाली न करता म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग घ्या. संपला विषय. पण घेतल्या मी. चार वर्षं नेमानं घेतल्या. मनगट भरून आलं, फोटोत हाडं होती तशी टिकून राहिली. डॉक्टरीणबाई दर वेळी एक वाक्य बोलायच्या, की काहीही अडचण आली तरी मला विचारल्याशिवाय सोडू नका. मी हो म्हणायचे. दवाखान्यात कोण नाही म्हणतं?

आता ब्याण्णवची गोष्ट. तुला आठवत नसेल, मला आठवते. श्रावणातला तो रविवार, गावी सगळी भाऊबंदकी जमलेली, ओसरीवर दर पुरुषमाणसामागे सव्वा मूठ गहू मोजून झालेला, दळण झालेलं. लक्षात घे, दर पुरुषमाणसामागे. तुझ्या-माझ्या नावाचा एक दाणा त्यात नसतो, आणि त्या रोटाच्या नैवेद्यासाठी आपण दोघींनी काय काय केलं. दुपारी मला कळलं की आलंय. मी तुला माजघरात ओढलं आणि हळूच सांगितलं, गोळ्यांनी येतं गं, कापड दे, आणि आज कानबाईजवळ कुणाला उभं करायचं ते तूच काहीतरी जमव. तुला सांगितलं, कारण तू माझी बहीण. आणि तू काय केलंस? चुलीपाशी जाऊन बारा बायकांत हसत हसत म्हणालीस, अक्काला अजून येतं बरं का जिजी! गोळ्यांचं नाव नाही काढलंस. बायका अशा हसल्या की मला माजघरात ऐकू आलं. जिजी बाहेरूनच म्हणाल्या, आते तू बाजूले बस वं माय. आणि सोमवारी सकाळी तुझ्याकडे बघून, कमल, तू ले डोकावर. थोरली म्हणून वीस वर्षं मी त्या पाटाखाली मान दिली होती. त्या दिवशी मी गोठ्याच्या दारात उभी राहून बघितलं. तू कानबाई डोक्यावर घेऊन नदीकडे निघालीस, बायका तुझ्याभोवती फुगड्या घालत होत्या, आणि तू एकदा मागं वळून बघितलंस. तू हसली होतीस की तुला ऊन लागलं होतं म्हणून तोंड तसं झालं होतं, हे मी सहा वर्षं ठरवतेय.

तर त्र्याण्णवला मी आषाढातच पंचांग काढून बसले. गोळ्यांच्या तारखा आणि कानबाईचा रविवार एकावर एक येत होते. मी गोळ्या बंद केल्या. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना काय सांगणार होते, की मला डोक्यावर पाट घ्यायचाय? त्या शिकलेल्या बाई, हसल्या असत्या. त्या वर्षी मी काही बाजूला बसले नाही. अंघोळ करून ओल्या केसांनी सगळ्यांत पुढं झाले, पाट डोक्यावर घेतला आणि नदीपर्यंत एकदाही हात बदलला नाही. तू मागं आरतीचं ताट घेऊन होतीस. खोटं कशाला बोलू, त्या दिवसाइतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

परत आल्यावर सुरू करू म्हटलं. मग म्हटलं गौरी होऊन जाऊ देत, मग नवरात्र, मग दिवाळी. दर महिन्याची ती कटकट गेली तसं अंग हलकं वाटायला लागलं. तुझ्या पत्रातला शब्दच तो, हलकं. अगं, मला पण तेच वाटलं होतं. वाटलं, चार वर्षं खाल्ल्या तेवढ्या पुरे, हाडं झाली असतील पक्की. हाडं काही दिसतात का? केस गळले तर फणीत दिसतात, दात हलला तर जिभेला कळतो. हाडं आतल्या आत पोकळ होत जातात, बाई रोज उठते, भाकरी थापते, पाणी भरते, आणि तिला काहीसुद्धा कळत नाही.

कळलं ते शहाण्णवच्या चैत्रात. कुरडयांचा घाट घातला होता. गव्हाच्या चिकाचं पातेलं चुलीवरून उतरवायला वाकले आणि पाठीत काहीतरी दबलं. मोडलं नाही, दबलं, लाडू मुठीत दाबावा तसं. चीक सांडू नये म्हणून मी पातेलं खाली ठेवलं आणि मगच आडवी झाले, इतकी मी शहाणी. सगळे म्हणाले, कामानं धरली पाठ, शेक घ्या. शेक घेतला. त्यानंतर माझ्या साड्या मला लांब व्हायला लागल्या. नेसताना निऱ्या जमिनीवर लोळायच्या, वर खोचाव्या लागायच्या. मी म्हणायचे, धुऊन धुऊन साड्या सैल झाल्या असतील. साडी कधी लांब होते का गं? मी बुटकी होत चालले होते. दोन इंच गेले. त्याही श्रावणात मी हट्टानं कानबाई उचलली. पाठीत कळा येत होत्या, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण तू मागं उभी होतीस ना, मग मी कशी खाली ठेवणार होते! सत्त्याण्णवला मात्र मान वर होईना आणि पाट तुझ्याकडे गेला.

डॉक्टरीणबाईंकडे मी एकदाची गेले. कधी गेले ते शेवटी सांगते, आधी त्या काय म्हणाल्या ते वाच, कारण ते तुझ्यासाठी आहे. मी सगळं सांगितलं, कानबाईसकट. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, यशोदाबाई, जळगावात राहता ना? केळीचं ठिबक बंद केलं तर आधी पाजलेलं पाणी किती दिवस पुरतं? तसंच आहे हे. गोळी चालू आहे तोवर ती हाडाला धरून ठेवते. थांबवली की पाळी गेल्यावर जशी झीज होते तशी पुन्हा नव्यानं सुरू होते, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच सगळ्यात जास्त जातं. थांबवायची नसतेच असं नाही. कुणाला सोसत नाही, कुणाला दुसरा आजार निघतो, कुणाला नकोच होते. पण मग थांबवताना त्या जागी हाडांसाठी दुसरं काहीतरी लगेच सुरू करायचं असतं. नुसती उघडी टाकायची नसतात हाडं. आणि मग त्या जे बोलल्या ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाल्या, तुमचा तेवढा एक रविवार होता ना? मला एक शब्द विचारला असता तर मी तारीख आठ दिवस मागंपुढं करून दिली असती. आणि ते येणंच नको असेल तर दोन्ही गोळ्या रोज थोड्या थोड्या देण्याचीही रीत आहे, काही महिन्यांत ते थांबतं. ऐकलंस? आठ दिवस. एवढीच गोष्ट होती. माझ्या मणक्यांची, खुब्याची, या वॉकरची सगळी गोष्ट एवढीच, की मला एका बाईपुढं तोंड उघडायची लाज वाटली.

आता तू काय करायचंस ते नीट ऐक, आणि अक्का नेहमीसारखी हुकूम सोडते म्हणून नाक मुरडू नकोस. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी धुळ्यात तुझ्या डॉक्टरांकडे जायचं. मनानं जुनं पाकीट काढून पुन्हा गिळायला लागायचं नाही. वर्ष झालंय, तपासल्याशिवाय काही घेऊ नकोस. त्यांना सांगायचं की गोळ्या वर्षभर बंद आहेत, पाठ धरते, पाठीचा फोटो काढा. लाजू नकोस, सगळं सांग. मला आता एक नवी गोळी दिली आहे, ती पाळीची नाही, हाडांचीच आहे, तिनं ते येत नाही. तुला ती द्यायची की दुसरी, ते त्यांना ठरवू दे. तिचे नखरे मात्र सासूसारखे आहेत. सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाचं नाव काढायचं नाही. तुझा जीव जाईल, डोळे उघडायच्या आधी तुला कप लागतो. जाऊ दे अर्धा तास. दूध पी, तीळ खा, नागली खा, पण तेवढ्यानं भागेल असं समजू नकोस, माझीही तीच समजूत होती. सकाळी देवपुरातून रोज चालून ये, कोवळं ऊन अंगावर घे. भरलेली बादली, हंडा, पातेलं, काही वाकून उचलायचं नाही. आणि कानबाईचा पाट उचलायचा नाही. हो, तो पण नाही. रागावलीस? रागाव. यंदा पाट गावाकडच्या मोतीलालभाऊजींची सून घेईल. ती सव्वीस वर्षांची आहे, तिच्या पाठीला काही होत नाही. मी जिजींशी बोलले आहे.

जिजी रविवारी मला बघायला आल्या होत्या, मोतीलालभाऊजींबरोबर. एसटीतून उतरून रिक्षा न करता चालत आल्या, ऐंशीव्या वर्षी! माझ्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या. मी भाऊजींना बाहेर पाठवलं आणि जिजींना सगळं सांगितलं. तुझ्या गोळ्या, माझ्या गोळ्या, ब्याण्णव साल, त्र्याण्णव साल, सगळं. मला वाटलं आता आभाळ कोसळेल. त्यांनी माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि त्या म्हणाल्या, गोयीनं येस ते काय ईटाय शे का? ते ते औषद शे. माले कोन्ही सांगंच नही. म्हणजे गोळीनं येतं त्याचा विटाळ त्या मानतच नाहीत. औषध ते औषध. कुणी सांगितलं असतं तर त्यांनी मला बाजूला बसवलंच नसतं म्हणे. खरं असेल का गं? की आता माझा खुबा मोडलेला बघून त्या तसं म्हणाल्या? मला ठरवता येत नाही. खरं असेल तर मी कुणासाठी मोडले? पाटासाठीही नाही, जिजींसाठीही नाही. त्या गेल्यावर मी खूप रडले. भागाबाई म्हणाली, दुखतंय का? मी म्हटलं, हो.

आता ते शेवटचं. तू रडशील किंवा शिव्या देशील, काय करायचं ते कर, पण वाचून मग कर. गेल्या वर्षी ज्येष्ठात तू लग्नाला जळगावला आलीस आणि दोन दिवस माझ्याकडे राहिलीस. दुपारी मी पोथी वाचत होते, तू जवळ येऊन बसलीस. म्हणालीस, अक्का, यंदा पाट मला घ्यावा लागणार, तुझी पाठ अशी. आणि माझी तारीख नेमकी त्या रविवारी येतेय, आधीची दोन वर्षं ती टळली होती. तू त्र्याण्णवला गोळ्या सोडल्या होत्यास ना, मी तेव्हाच ओळखलं होतं. सोडल्या तर काही होतं का? किती विश्वासानं विचारलंस तू. कमल, डॉक्टरीणबाईंकडे मी खुबा मोडल्यावर गेले असं तुला वाटलं असेल, मी तसं वाटू दिलं. मी त्याच आठवड्यात गेले होते, शहाण्णवच्या चैत्रात, कुरडयांचं पातेलं उतरवलं त्याच आठवड्यात. दोन मणके दबलेला फोटो त्यांनी मला उजेडात धरून दाखवला, आणि वर लिहिलंय ते केळीचं, ठिबकचं, पहिल्या दोन-तीन वर्षांचं, सगळं मला तेव्हाच सांगितलं. वर पाठ जपा, दुसरं औषध लगेच सुरू करा असं बजावलं. मी केलं नाही. केलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, आणि तू जिंकली असतीस. म्हणजे तू विचारलंस तेव्हा मला चौदा महिने सगळं ठाऊक होतं. आणि तरीही तू 'यंदा पाट मला' म्हणालीस तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ब्याण्णवच्या त्या बायका हसल्या, आणि मला वाटलं, हिनंही सोडाव्यात, हिलाही कळू दे कसं असतं ते. मुद्दाम वाटलं, चुकून नाही. तुझी आणि माझी हाडं एकाच आईची आहेत हे माहीत असून वाटलं. तो फोटो माझ्या पाठीमागच्या कपाटात होता, हात लांब केला असता तर लागला असता. मी पोथीचं पान उलटलं आणि तुला म्हटलं, काही होत नाही गं, सोड खुशाल.

तुझीच,
अक्का